पाच बाय सातचं बाथरूम आणि स्वीट होम थ्रीडी: भिंत फोडण्याआधी या सॉफ्टवेअरकडून काय काढून घ्यावं

बडोद्यातल्या जुन्या सोसायट्यांत आणि टेनामेंटांत बाथरूम साधारण पाच फूट बाय सात फुटांचं असतं. एवढ्या जागेत कमोड, बेसिन, शॉवर, गिझर आणि आत उघडणारं दार बसवायचं म्हणजे दीड सेंटिमीटरसुद्धा मोठा असतो, आणि नव्या टाईल्सचा एक थर चढला की दर भिंतीला नेमका तेवढाच जातो. म्हणून बाथरूम नव्याने करताना डिझाईनचं सॉफ्टवेअर निवडायचं तर त्यातून चित्र किती देखणं निघतं हा प्रश्न आमच्या लेखी दुय्यम आहे. छिन्नी लागण्याआधी ते कोणती चूक पकडून देतं, हे आधी पाहायचं. या कसोटीवर स्वीट होम थ्रीडी मांडणीसाठी उत्तम आहे, भिंतींच्या उभ्या नकाशांसाठी कच्चं आहे आणि नळकामासाठी त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. एका बाथरूमपुरतं शिकलं तरी मेहनत वसूल होते.

सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं आहे, जावावर चालतं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर बसतं. संगणकासाठीची मूळ आवृत्ती फुकट आहे. अ‍ॅप स्टोअरवर मोठ्या कॅटलॉगसह विकत मिळणारी आवृत्तीही आहे, पण बाथरूमसाठी तिची गरज नाही. पडद्यावर डावीकडे वस्तूंचा कॅटलॉग, उजवीकडे वर प्लॅन आणि खाली त्याचं थ्रीडी दृश्य. प्लॅनमध्ये भिंत सरकवली की खालचं दृश्य लगेच बदलतं. साधा लॅपटॉप पुरतो. उघडल्याबरोबर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकक मिलिमीटर करावं. प्लंबर इंचात बोलेल, टाईलवाला मिलिमीटरमध्ये, दारवाला फुटात. मॉडेल मात्र एकाच एककात राहू द्यावं.

आता मापं. सॉफ्टवेअर आपण सांगू ते खरं मानतं, त्यामुळे इथे घाई केली तर पुढचं सगळं काम वाया जातं. प्रत्येक भिंतीची लांबी तीन उंचींवर घ्यावी: जमिनीलगत, एक मीटरवर आणि दोन मीटरवर. तिन्हींपैकी सर्वांत कमी आकडा धरावा, कारण वस्तू त्या अरुंद जागीच अडकते. मग दोन्ही कर्ण मोजावेत. १५०० बाय २११० मिमीची खोली गुण्यात (काटकोनात) असेल तर कर्ण २५८९ मिमी येतो. दोन कर्णांत दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक असेल तर प्लास्टरमध्ये सुधारता येतो. चाळीसचा असेल तर खोली तिरकी आहे हे मान्य करून भिंती त्या कोनातच काढाव्यात. सॉफ्टवेअरमध्ये भिंत ओढताना एंटर दाबलं की लांबी आणि कोन आकड्यात टाकता येतात, त्यामुळे माउसने अंदाज करत बसू नये. सोबत खिडकीचा उंबरा, तुळईचा तळ, डक्टची (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीची) बाजू, न्हाणी ट्रॅपचा (फरशीवरचं पाणी जाण्याच्या जाळीचा) मध्य, कमोडच्या पाईपचा मध्य आणि दाराबाहेरच्या खोलीची फरशी यांचीही मापं हवीत. शेवटचं माप बहुतेक जण विसरतात आणि सगळ्यांत जास्त तेच नडतं. त्याबद्दल पुढे.

कुठल्या पृष्ठभागापासून कुठल्या पृष्ठभागापर्यंत मोजलं, हे कागदावर लिहिलंच पाहिजे. एकाच बाथरूमची तीन खरी मापं असतात. उदाहरण घेऊ. जुनी लादी आणि प्लास्टर काढल्यावर विटेपासून विटेपर्यंत १५६० बाय २१७०. त्यावर १५ मिमी प्लास्टर दोन्ही बाजूंना धरलं की १५३० बाय २१४०. त्यावर ५ मिमी अ‍ॅडहेसिव्ह आणि १० मिमी टाईल, म्हणजे तयार खोली १५०० बाय २११०. विटेपासून टाईलपर्यंत दर भिंतीला ३० मिमी, समोरासमोरच्या दोन भिंती मिळून सहा सेंटिमीटर. मोजलं विटेपासून आणि मॉडेल केलं तयार खोली समजून, तर पडद्यावर सुखाने बसलेलं ४५० मिमीचं बेसिन प्रत्यक्षात चौकटीला घासतं. जुन्या टाईलवरच नवी चिकटवायची असेल तर हिशेब वेगळा: आजची तयार १५०० ची रुंदी प्रत्येक बाजूने १५ मिमी घटून १४७० होते.

इथेच स्वीट होम थ्रीडीचा सर्वांत मोठा खड्डा आहे. त्यात भिंतीची लांबी भिंतीच्या मध्यरेषेवर मोजली जाते, आतल्या कडेवर नाही. शिवाय नव्या भिंतीची जाडी मुळात ७.५ सेंटिमीटर आणि उंची २५० सेंटिमीटर ठेवलेली असते. आपल्याकडची अर्ध्या विटेची भिंत ११५ मिमी, दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून १४५. तेव्हा आतून १५३० बाय २१४० हवं असेल तर मध्यरेषेच्या लांब्या १६७५ आणि २२८५ टाकायच्या. चारही भिंती जोडल्या गेल्या की खोलीचं टूल घेऊन आत डबल क्लिक करावं, क्षेत्रफळ ३.२७ चौरस मीटर आलं पाहिजे. २.७६ दिसलं तर आतलं माप मध्यरेषेला देऊन बसलो आहोत. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती केल्याशिवाय एकही वस्तू ठेवू नये. सॉफ्टवेअरने आतली कड मोजण्याचा पर्याय समोर ठेवायला हवा होता. नवख्या माणसाची पहिली फाईल याच कारणाने चुकते.

टाईलचा थर दाखवण्यासाठी मात्र त्यात एक फार उपयोगी सोय आहे आणि ती या कामासाठी बनवलेलीही नाही. भिंतीच्या गुणधर्मांत बेसबोर्ड नावाचा पर्याय असतो, म्हणजे आपली स्कर्टिंग. त्याला जाडी, उंची आणि टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) वेगळं देता येतं. जाडी १५ मिमी आणि उंची २११२ मिमी दिली की तोच डॅडो (भिंतीवरचा टाईलचा पट्टा) होतो: भिंत प्लास्टरची राहते, टाईलचा थर तिच्यापुढे नेमका तेवढाच येतो आणि वरची रंगाची पट्टी मागे दिसते. क्षेत्रफळाची तपासणी मात्र बेसबोर्ड लावण्याआधी उरकावी. टाईलच्या पृष्ठभागापासूनचं अंतर पाहायचं असेल तर डायमेन्शन लाईन ओढून खात्री करावी, वस्तू भिंतीला चिकटली म्हणजे टाईलला चिकटली असं धरून चालू नये.

कॅटलॉगमध्ये कमोड, बेसिन, टब, शॉवर मिळतात, पण ते युरोपातल्या घराच्या हिशेबाने. भारतीय पॅन, हेल्थ फॉसेट, उभा गिझर, बादली-तांब्याची जागा, इथल्या घरांतली कपडे धुण्याची चोकडी, यांतलं काही नाही. मॉडेल शोधत दिवस घालवण्याऐवजी साधा ठोकळा घ्यावा, त्याला कंपनीच्या पत्रकातली रुंदी, खोली आणि उंची द्यावी आणि नाव द्यावं. गिझर म्हणजे ४०० मिमी व्यासाचा नळकांडा, तळ १८०० मिमीवर. बादली म्हणजे ३०० मिमीचा. नळाखाली बादली ठेवल्यावर माणूस कुठे उभा राहील हे पाहायला एवढं पुरतं, आणि इथल्या घरात ते पाहिलंच पाहिजे. शॉवर असला तरी बादली जात नाही. ज्यांना खरं मॉडेल हवंच आहे त्यांना ओबीजे, थ्रीडीएस किंवा डीएई फाईल आयात करता येते. आयात करताना रुंदी, खोली, उंची पुन्हा तपासावी. वस्तूच्या खिडकीतले एक्स आणि वाय हे तिच्या मध्याचे आकडे असतात, कडेचे नाहीत, आणि वाय खालच्या दिशेने वाढतो. वस्तू आपोआप भिंतीकडे ओढली जात असेल आणि मधे थोडी फट हवी असेल तर प्रेफरन्सेसमधून मॅग्नेटिझम बंद करावं.

मांडणीच्या बाबतीत सॉफ्टवेअर खरोखर कामाला येतं. वरच्याच खोलीत पाहू. दार १५०० च्या भिंतीत, चौकटीसकट ८०० मिमी. त्याच्या उजवीकडे १०० मिमी भिंत, डावीकडे ६००. डाव्या लांब भिंतीवर दाराकडून आत जाताना आधी बेसिन, मग कमोड, शेवटी खिडकीखाली काचेने वेगळा केलेला ९०० मिमीचा शॉवर. कमोडचा मध्य काचेपासून ४०० मिमी. बाजूला किमान ३८० तरी हवेतच, नाहीतर कोपर लागतं. कमोड भिंतीपासून ७०० पुढे आला तरी समोर ८०० मिमी उरतात, आणि ६०० च्या वर असलं की बसता-उठता येतं. बेसिन ४५० रुंद, ४०० पुढे आलेलं. कमोड आणि बेसिन यांच्यात १३० मिमी राहतात. इथपर्यंत कागदावरही जमतं.

आता दार. प्लॅनमध्ये दार ठेवलं की पानाच्या फिरण्याचा कंस दिसतो. बिजागरी उजवीकडे असेल तर ७५० मिमीचं पान उजव्या भिंतीकडे जातं, बेसिनला कुठेही लागत नाही आणि बाजूच्या १०० मिमीत कडीमूठ मावते. बिजागरी डावीकडे लावली तर पान काटकोनात येण्याआधीच त्याचं टोक कमोडच्या तोंडावर बसतं. सुतार बिजागरी सहसा जुन्या बाजूलाच ठेवतो आणि ही धडक पांढरा कमोड बसल्यावर लक्षात येते. प्लॅनमधला कंस ती पहिल्या दिवशी दाखवतो. मुठीसाठी पानाच्या जाडीत ६० मिमी आणखी धरावेत, कारण कॅटलॉगमधल्या दाराची मूठ आपल्या दाराची नसते. राष्ट्रीय इमारत संहितेत एकत्रित बाथरूम-संडासासाठी किमान २.८ चौरस मीटर क्षेत्रफळ आणि १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. ही खोली त्यात बसते, पण डॅडोच्या आत लेज वॉल (भिंतीपुढची बुटकी भिंत), कपाट असं काही घालत गेलं की कमी पडू लागते. प्रत्येक भर घातल्यावर क्षेत्रफळाकडे पुन्हा बघावं.

कमोडच्या पाईपकडे लक्ष द्या. एस ट्रॅपचा (पाणी खाली जमिनीत सोडणारा) कमोड असेल तर पाईपचा मध्य तयार भिंतीपासून किती, हा आकडा कमोडसोबतच ठरलेला असतो. २२५ मिमी हा इथे सर्रास मिळणारा. 'तयार भिंत' म्हणजे टाईलचा पृष्ठभाग. प्लंबरने २२५ विटेपासून घेतले तर टाईल लागल्यावर १९५ उरतात आणि टाकी भिंतीला अडते. जुन्या टाईलवर नवी टाईल लावली आणि पाईप जागचा हलवला नाही, तर २२५ चे २१० होतात. तिथेही कमोड बसत नाही, आणि मग कडिया (गवंडी) पाईपभोवती सिमेंट भरून तो तिरका बसवतो. वर्षभरात तिथून गळती सुरू होते. म्हणून मॉडेलमध्ये पाईपच्या जागी ११० मिमी व्यासाचं एक नळकांडं ठेवून त्याच्यापासून बेसबोर्डच्या पृष्ठभागापर्यंत डायमेन्शन लाईन ओढून ठेवावी. टाईलची जाडी बदलली की हा आकडा बदलताना डोळ्यांसमोर दिसतो. भिंतीवर टांगणारा कमोड निवडला तर पाईप भिंतीतून जातो, पण लपवलेल्या टाकीची चौकट अर्ध्या विटेच्या भिंतीत मावत नाही. तिच्यापुढे साधारण १५० मिमीची लेज वॉल बांधावी लागते. मॉडेलमध्ये ती वेगळी, एक-सव्वा मीटर उंचीची भिंत म्हणून काढावी. वर शाम्पू-साबणासाठी कट्टा आपोआप मिळतो. शॉवरमधला कोनाडाही अशाच पुढच्या पातळ भिंतीत खिडकीची मोकळी चौकट बसवून दाखवावा. अर्ध्या विटेची मूळ भिंत कोनाड्यासाठी पोखरणं प्रत्यक्षातही चूक आहे.

जमिनीच्या बाबतीत सॉफ्टवेअर थिटं पडतं. त्यातली खोलीची फरशी सपाटच असते, उतार देता येत नाही. बाथरूमची फरशी मात्र ८० ला १ अशा उताराची असते, म्हणजे २.१ मीटरमागे २६ मिमी. त्यासाठी १० मिमी जाडीचा चपटा ठोकळा घेऊन त्याला ०.७ अंशांचा कल द्यावा. वस्तूच्या गुणधर्मांत आडवा कल देण्याची सोय आहे. तसंच ४० ला १ उताराचा ११० मिमीचा पाईप दाखवायचा तर नळकांड्याला १.४ अंश. कमोड ६०० मिमीने सरकवला तर पाईपला १५ मिमी उतार जास्त लागतो, त्यात पाईपची स्वतःची उंची आणि खालचा कोबा मिळवा. सनकन स्लॅब (पाईपांसाठी मुद्दाम खाली घेतलेला स्लॅब) किती खोल आहे हे जुन्या फ्लॅटमध्ये फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून कमोड हलवण्याचा निर्णय मॉडेल बघून पक्का करू नये. एका कोपऱ्यात खड्डा घेऊन त्याची खोली मोजावी, तो आकडा मॉडेलमध्ये खालची लेव्हल म्हणून टाकावा आणि मग ठरवावं.

आणि दाराबाहेरच्या फरशीचं ते विसरलेलं माप. बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस मिलिमीटर खाली असली तरच पाणी खोलीत येत नाही. आज २५ मिमीचा फरक आहे आणि जुन्या फरशीवर नवी टाईल लावायची, तर १५ मिमी भरून फक्त १० उरतात. न्हाणी ट्रॅपवर केस अडकून पाणी तुंबलं की ते थेट बेडरूममध्ये. मॉडेलमध्ये बाहेरच्या खोलीचा एक तुकडा काढून त्याची पातळी शून्य आणि बाथरूमची पातळी खाली ठेवली, तर हा हिशेब पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. फरशी फोडायची की नाही, हे याच आकड्यावर ठरवावं. भिंतींच्या टाईलवर टाईल चालते. फरशीवर फार क्वचित.

टाईल्सकडे येऊ. टाईल्सच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मोरबीचा माल बडोद्यात सहज मिळतो आणि कारखान्याच्या पत्रकातून टाईलचं चित्रही मिळतं. ते टेक्स्चर म्हणून आयात करताना रुंदी-उंची विचारली जाते. तिथे नुसती टाईल नको, जोडासकट माप हवं. ३०० बाय ६०० च्या टाईलला २ मिमी जोड धरला तर चित्राच्या दोन कडांना जोडाची रेघ काढून माप ६०२ बाय ३०२ द्यावं. हे केलं नाही तर भिंतीवर जोड दिसतच नाहीत आणि कुठली ओळ कुठे संपते याचा पत्ता लागत नाही. संगमरवरी नक्षीच्या टाईलला एकाच डिझाईनचे चार-सहा वेगवेगळे चेहरे असतात. त्यांपैकी चार एकत्र करून १२०४ बाय ६०४ चं एक टेक्स्चर बनवावं, नाहीतर पडद्यावर तीच शीर रांगेने दिसते आणि चांगली टाईल नापसंत होते. टेक्स्चरची सुरुवात बाजूला किंवा खाली सरकवता येते. अख्खी टाईल कुठून सुरू करायची हे तिथेच पाहून घ्यावं.

आपल्या खोलीत २११० च्या भिंतीवर तीन अख्ख्या आणि एक अर्धी टाईल बसते: जोडांसह २१०६. उरलेले ४ मिमी कोपऱ्यात शेजारच्या टाईलच्या जाडीखाली झाकले जातात. १५०० च्या भिंतीवर दोन अख्ख्या आणि २९६ मिमीचा तुकडा. उंचीत सात ओळी, जोडांसह २११२. दाराची चौकट २१०० वर संपते, म्हणजे वरच्या ओळीची रेघ आणि चौकटीची रेघ १२ मिमीने चुकते. डोळ्याला हे कायम खुपतं. यावर उपाय असा की वरची रेघ चौकटीला जुळवून ओळी वरून खाली मोजाव्यात आणि सगळ्यांत खालची ओळ कापावी. फरशीचा उतारही त्याच ओळीत मुरतो: दाराकडे तुकडा लहान, न्हाणी ट्रॅपकडे मोठा. म्हणूनच चांगला कडिया पाणसळीने रेघ मारून दुसऱ्या ओळीपासून टाईल लावायला घेतो आणि पहिली ओळ शेवटी भरतो. त्याला मॉडेलमधली वरून खाली मोजलेली भिंत दाखवली की बोलणं लगेच जुळतं.

टाईल किती लागतील, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. नुसत्या क्षेत्रफळाने मोजलं तर दार-खिडकी वजा जाऊन सुमारे १३.४ चौरस मीटर, म्हणजे ०.१८ च्या ७५ टाईल्स. साधी, एकरंगी टाईल असेल आणि अर्धे तुकडे समोरच्या भिंतीवर वापरता येत असतील तर ओळीला सरासरी १०.७, सात ओळींना पुन्हा ७५. तुटफुटीचे आठ-दहा धरून पाच नगांचे १७ बॉक्स. पण टाईलवर दिशेची नक्षी असेल तर उरलेला अर्धा तुकडा दुसरीकडे चालत नाही. मग ओळीला १३, सात ओळींना ९१, आणि तुटफुटीसह २० बॉक्स. दुकानदार क्षेत्रफळावर दहा टक्के मिळवून आकडा सांगतो, आणि नक्षीच्या टाईलला तो हमखास कमी पडतो. नंतर आणलेला बॉक्स दुसऱ्या बॅचचा निघाला की छटा जुळत नाही. भिंतीनिहाय ओळी मोजण्याला पर्याय नाही.

उभ्या नकाशांसाठी आम्ही स्केचअपची फुकट, ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती सुचवू. ट्रिम्बल कंपनीचं हे सॉफ्टवेअर, फुकट आवृत्ती फक्त वैयक्तिक वापरासाठी. स्वीट होम थ्रीडीमध्ये एकेका भिंतीचा समोरून, मापासह नकाशा निघत नाही, आणि प्लंबरला तर तोच लागतो. स्केचअपमध्ये चार भिंती चार आयत म्हणून काढाव्यात, प्रत्येकीचा वेगळा ग्रुप करावा, कॅमेरा पॅरलल प्रोजेक्शनवर (लांबचं लहान न दाखवणाऱ्या सपाट दृश्यावर) ठेवावा आणि दर भिंतीसाठी एक सीन (ठरलेलं दृश्य) जपून ठेवावा. त्यावर टाईलच्या रेघा आणि पॉईंटचे (भिंतीतून नळ-पाईप निघण्याच्या जागांचे) मध्य टाकायचे: बेसिनचा काठ ८०० ते ८५०, डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारी कळ) १००० ते १०५०, बादलीचा नळ ६०० ते ६५०, शॉवरचा पाईप २१००, गिझरचे अँगल कॉक (पाणी बंद करायचे छोटे नळ) १८०० च्या आसपास. गरम डावीकडे, थंड उजवीकडे, मिक्सरच्या दोन तोंडांत १५० मिमी. या उंच्या तयार फरशीपासूनच्या आहेत. फोडलेल्या जमिनीपासून मोजल्या की सगळं एका टप्प्याने खाली जातं. नकाशा करण्याचा खरा फायदा असा की पॉईंट टाईलच्या मध्यावर किंवा जोडावर आणता येतो. दहा-वीस मिलिमीटर इकडेतिकडे करून चालतं तिथे तसं करावं. टाईलच्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर भोक पाडलं की ती तिथेच तडकते.

थ्रीडी वेअरहाउसमधून (स्केचअपच्या तयार मॉडेल्सच्या संग्रहातून) घेतलेल्या कमोडची आणि बेसिनची मापं मात्र टेप टूलने मोजून मगच वापरावीत. बरीच मॉडेल्स अंदाजाने बनवलेली असतात.

फोटोसारखं चित्र काढायचं तर स्वीट होम थ्रीडीमध्ये दर्जाचे चार टप्पे आहेत. पहिल्या दोनवर मांडणी पाहून घ्यावी. शेवटच्याला साध्या लॅपटॉपवर तास लागू शकतात. आरसा आरशासारखा दिसतो तो याच चित्रात, नेहमीच्या थ्रीडी दृश्यात नाही. होकायंत्रात ठिकाण आणि उत्तर दिशा देता येते, पण खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर सूर्य विसरून दिवे ठेवावेत: एक छताला, एक आरशावर. आरशामागून येणारा एकच दिवा ठेवला की दाढी करताना चेहरा अंधारात राहतो, हे चित्रातही कळतं. एका गोष्टीबद्दल सावध राहावं. चित्रात काळे मॅट नळ आणि पारदर्शक काच अतिशय सुंदर दिसतात. बोअरचं जड पाणी येणाऱ्या सोसायटीत त्यांवर काही आठवड्यांत पांढरे डाग बसतात. तिथे क्रोमचे नळ घ्यावेत आणि काचेच्या जागी कमी उंचीची टाईल लावलेली पडदी बांधावी.

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांत काम असेल तर हिशेब बदलतो. भिंती जाड, खोली गुण्यात नाही, आणि वरच्या मजल्यावर सनकन स्लॅब नावाची गोष्टच नसते. तिथे मोरीच्या जागी बाथरूम करायचं तर ११० मिमीचा पाईप जमिनीवरच येतो आणि त्यावर दीड-पावणेदोनशे मिलिमीटरचा ओटा करावा लागतो. मॉडेलमध्ये हा ओटा आणि त्यावर उभ्या माणसाचं डोकं तुळईला लागतं का, हे आधी बघावं. कॅटलॉगमध्ये माणसाची आकृती आहे, तिला घरातल्या सर्वांत उंच व्यक्तीची उंची द्यावी. विश्वामित्रीच्या काठच्या सखल भागात तळमजल्यावर काम असेल, तर २०२४ च्या ऑगस्टमधला पूर लक्षात ठेवून ड्रेनेज लाईनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावावा आणि गिझरचा सॉकेट उंच घ्यावा. सॉफ्टवेअर हे सुचवणार नाही.

विजेचं थोडक्यात: शॉवरपासून ६०० मिमीच्या आत सॉकेट नको, गिझरला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉईंट, आणि वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). प्लॅनमध्ये शॉवरभोवती ६०० मिमीचा पट्टा वेगळ्या रंगाच्या खोलीसारखा काढून ठेवला तर इलेक्ट्रिशियनला समजावावं लागत नाही.

छापताना पेज सेटअपमध्ये १:२० प्रमाण ठेवावं. आपली खोली ए-४ कागदावर ७५ बाय १०५ मिमीत येते आणि मापं लिहायला जागा राहते. कागदावर मोजपट्टी लावून ७५ खरोखर आहेत का ते पाहावं. प्रिंटर 'पानात बसवा' करून प्रमाण बिघडवतो. एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून साइटवर, एक प्लंबरकडे. भिंतीवर तयार फरशीपासून एक मीटरवर पाणसळीने चारही बाजूंनी रेघ मारून घ्यावी आणि नकाशातल्या सगळ्या उंच्या त्या रेघेपासून अधिक-वजा करून लिहाव्यात, म्हणजे जमीन फोडलेली असली तरी माप हरवत नाही.

पाईप बसले, झिऱ्या (पाईपांसाठी भिंतीत खोदलेल्या खाचा) अजून उघड्या आहेत, प्लास्टर व्हायचं आहे, त्या दिवशी मॉडेल पुन्हा उघडावं. प्रत्येक पाईपचं कोपऱ्यापासूनचं आणि मीटरच्या रेघेपासूनचं माप घेऊन नळकांडी खऱ्या जागी सरकवावीत, भिंतीजवळ टेप धरून फोटो काढावेत आणि फाईल तारखेसह जपून ठेवावी. पुढे आरसा, टॉवेलची दांडी किंवा कपाट लावायला ड्रिल घेऊन कुणी आलं की हीच फाईल उघडायची.